फक्त स्प्रिंगा बदलल्या

शेजारच्या कुवाबारांनी एप्रिलमध्ये आपली गाडी खाली बसवून घेतली, तेव्हापासून माझं पोट ठीक नाही. डॉक्टरला दाखवलं. त्याने कोबी कमी खा म्हणून सांगितलं. कोबीचा काही संबंध नव्हता, पण शेजाऱ्याच्या गाडीवर गोळ्या द्या असं डॉक्टरला कुठल्या तोंडाने सांगणार?

त्या रविवारी आमच्या गल्लीच्या मंडळाचा गटारसफाईचा दिवस होता. आम्ही सगळे रबरी बूट चढवून, फावडी घेऊन उभे होतो आणि कुवाबारा कोपऱ्यावरून गाडी घेऊन आत शिरले. आता ही गाडी काही परदेशी नव्हे. माझीच कंपनी, माझंच मॉडेल, रंगसुद्धा माझाच पांढरा. पण चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये माझ्या गाडीत मूठ जाईल एवढी फट आहे, तिथे त्यांच्या गाडीत दोन बोटंही शिरली नसती. अख्खी गाडी रस्त्यावर ऐसपैस बसलेली. आमच्या हिने, म्हणजे नोबुएने, फावडं टेकवलं, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि म्हणाली, "छान बसलीय हो."

एवढंच. तीन शब्द. कुवाबारा खिडकीतून वाकून वाकून नमस्कार करत निघून गेले आणि ही पुन्हा गाळ उपसायला लागली. पण इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या कुठल्याही वस्तूला हिने छान म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. माझ्या शर्टांना ती 'धुवायला सोपे' म्हणते. माझ्या गाडीला 'चालू आहे ना' म्हणते.

माझी बाजू समजून घ्यायची तर एक गोष्ट सांगायलाच हवी. मी घरजावई आहे. आमच्या इसेसाकीत त्यात विशेष काही नाही. रेशमाचा मुलूख, पैसा बायकांनी मिळवलेला, त्यामुळे इथे बायकांचा शब्द आणि डोंगरावरून येणारा कोरडा वारा यांच्यापुढे कोणाचं चालत नाही. मोतेगी हे आडनाव सासऱ्यांचं. घर सासऱ्यांचं. अंगणातलं पर्सिमनचं झाड सासऱ्यांच्या आजोबांचं. मी नगरपालिकेच्या रस्ते विभागात उपप्रमुख झालो, तेव्हा सासरेबुवांनी 'मोतेगींचं नाव राखलंस' म्हणून माझं कौतुक केलं, म्हणजे ते कौतुकही मोतेगींच्याच खात्यावर जमा झालं. माझं स्वतःचं असं जगात काय होतं, तर गाडी. आणि तीच गाडी माझ्यापेक्षा शेजारच्याकडे छान बसली होती.

कुवाबारा हा माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. शेती सहकारी संघात नोकरी, एकटे राहतात, बायको कुत्र्यासकट नागोयाला निघून गेली. आमच्या दारात कांद्यांची जुडी ठेवून जातात आणि विचारलं तर म्हणतात, अगदी टाकाऊ कांदे आहेत हो, फेकायचेच होते. ते कांदे इतके गोड असतात की नोबुए ते नुसते भाजून वाढते आणि सासरेबुवा जेवताना डोळे मिटून घेतात. मीही खातो. मानहानी झाली तरी कांदा तो कांदाच.

मे महिन्यात कुवाबारांचा माझ्या कचेरीत अर्ज आला. गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे, त्याला त्यांच्या गाडीचं पोट घासत होतं, तेव्हा तो जरा कमी उंच करता आला तर पाहावं, अशी अत्यंत नम्र विनंती. तो गतिरोधक मीच घालून घेतलेला. मी त्यांना लिहून कळवलं की आपल्या विनंतीचा सकारात्मक विचार करण्यात येईल. आमच्या कचेरीचं हे वाक्य म्हणजे काय, ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुवाबारांनी उलट टपाली आभार मानले. त्या आठवड्यात माझं पोट बरंच बरं होतं.

सप्टेंबरात मंडळाची फिरती पाटी आली. गल्लीतल्या सूचना या पाटीला लावून घरोघर फिरतात. वाचायचं, शिक्का मारायचा आणि पुढच्या दारात नेऊन द्यायची. नोव्हेंबरमध्ये मंडळाची कुसात्सूच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर सहल होती आणि कोणी कोणाच्या गाडीत बसायचं ते अध्यक्षा त्सुनोदाबाईंनी आखून दिलं होतं. कुवाबारांच्या गाडीत: मोतेगी आजोबा (कमरेमुळे), मोतेगींच्या सूनबाई नव्हे लेक (आजोबांच्या सोबतीला), आणि स्वतः अध्यक्षा. माझ्या गाडीत: बर्फाच्या पेट्या, बिअर आणि गाण्याचं मशीन.

मी ते उभ्याउभ्या वाचलं, मग चपला काढून आत येऊन बसून वाचलं. माझा सासरा, माझी बायको, दुसऱ्याच्या गाडीत. आणि मी त्यांच्यामागून बिअर घेऊन.

"बाबांची कंबर," नोबुए म्हणाली. "कुवाबारांच्या गाडीत धक्के बसत नाहीत म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

मी शिक्का मारला. उलटा पडला. पण त्याच क्षणी ठरवलं की नोव्हेंबरात ही दोघं माझ्या गाडीत बसतील, मग त्यासाठी गाडी पाताळात न्यावी लागली तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी कुवाबारा अंगणात खोऱ्याने पानं ओढत होते. मी कुंपणाशी गेलो, वाऱ्याबद्दल बोललो, मुळ्याच्या भावाबद्दल बोललो आणि मग सहज सुचल्यासारखं विचारलं की गाडीला आपण नेमकं काय केलंत. ते खोऱ्यामागे लपायचं बघायला लागले.

"काही नाही हो. फक्त स्प्रिंगा बदलल्या," ते म्हणाले. "त्याही स्वस्तातल्या. चालवायला अगदी भिकार आहे. लाज वाटते मला."

आता मी जन्माने इथला. शेजारी आपल्या वस्तूबद्दल बोलतो त्याचा अर्थ कसा लावायचा, हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं आहे. 'काही नाही' म्हणजे बरंच काही. 'स्वस्तातलं' म्हणजे विचारू नका. टाकाऊ कांदे कसे लागतात ते मी वर सांगितलंच आहे. दुसऱ्या कोणीही मला कुवाबारांचं हे बोलणं सांगितलं असतं तर मी हसून म्हटलं असतं की त्यांनी गाडीला बरंच काय काय बसवलेलं दिसतंय. पण मत्सर माणसाचे कान बदलून टाकतो. कुवाबारांची गाडी भिकार असावी, स्वस्तातली असावी, तिच्यात काहीही विशेष नसावं, ही माझी सप्टेंबरभराची प्रार्थना होती. ती कुवाबारांच्याच तोंडून पुरी झाली. मी शब्द न् शब्द खरा धरला.

तडक कोगुरेकडे गेलो. कोगुरे माझा शाळेतला मित्र, स्टेशनमागे त्याचं गॅरेज आहे. मी त्याला कुवाबारांसारख्या आखूड स्प्रिंगा बसवायला सांगितल्या. त्याने माझ्या गाडीखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, दातांतून हवा आत ओढली आणि म्हणाला, "थोडं अवघड आहे रे. शॉकअप जुने आहेत तुझे. लांब स्प्रिंगेचे आहेत. नुसत्या स्प्रिंगा म्हणजे... थोडं अवघड आहे."

आमच्याकडे दातांतून हवा ओढून 'थोडं अवघड आहे' म्हणाले की समोरच्याने गाडी फिरवून घरी जायचं असतं. मी स्वतः कचेरीत दिवसाला पाच-सहा लोकांना असाच घरी पाठवतो. पण मी म्हणालो, "थोडंच ना? मग कर." कोगुरे बिचारा. त्याने माझं नाव वहीत लिहून घेतलं. गिऱ्हाइकाला सरळ नाही म्हणायची त्याच्या घराण्यात रीत नाही.

शनिवारी गाडी आणली. दिसायला म्हणाल तर अप्रतिम. फटीत दोन बोटं जाईनात, मी तीनदा घालून पाहिली. गॅरेजातून रस्त्यावर उतरेपर्यंत मी जगातला सर्वांत सुखी घरजावई होतो. पहिल्या खड्ड्यात गाडी खाली गेली आणि वर आली. मग पुन्हा खाली गेली. पुन्हा वर आली. खड्डा मागे कुठल्या कुठे राहिला तरी गाडीला तो आठवतच होता. रेल्वेच्या फाटकावर माझं डोकं छताला लागलं, आणि पुढे नूडल्सच्या दुकानापर्यंत मी मान डोलवत गेलो. दुकानदाराला वाटलं मी त्याला नमस्कार करतोय, त्यानेही केला.

गल्लीच्या तोंडाशी माझा गतिरोधक आला. माझ्याच सहीचा. गाडीच्या पोटातून असा आवाज निघाला की त्सुनोदाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, त्यांच्यामागून आणखी चार घरांतले लोक. मी उतरलो. सगळे गाडीभोवती जमले आणि म्हणाले, "छान बसलीय." कुवाबाराही आले होते. त्यांनी गाडीकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तेही म्हणाले, "खूपच छान बसलीय, मोतेगीसान."

सोमवारी कचेरीत मी आमच्या साहेबांसमोर आडून आडून गतिरोधकाचा विषय काढला. नागरिकांकडून तक्रारी आहेत, म्हणालो. कोणाच्या, त्यांनी विचारलं. मी कुवाबारांचा जुना अर्ज पुढे केला. साहेबांनी तो वाचला, खालचा माझाच शेरा वाचला आणि तो परत देत म्हणाले, "सकारात्मक विचार करू या." माझंच वाक्य, पण दुसऱ्याच्या तोंडून फार कोरडं वाटलं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते माझ्या माकडहाडाला माहीत. रात्रीचं जेवण मी भिंतीला टेकून घेऊ लागलो. शेवटी ठरवलं की मान खाली घालून खरं सांगून टाकायचं. कचऱ्याच्या जाळीपाशी सकाळी सगळे भेटतात, तिथे त्सुनोदाबाईंनी पुन्हा गाडीचं कौतुक काढलं. मी म्हणालो, "कसली छान हो. चालवायला अगदी भिकार आहे. हाडं खिळखिळी होतात. लाज वाटते मला."

सगळे कौतुकाने हसले. मी पुन्हा सांगितलं की हे मी खरंच सांगतोय. ते आणखी हसले. त्सुनोदाबाई म्हणाल्या, मोतेगीसान पूर्वी जरा बढाईखोर होते, पण गाडी खाली आल्यापासून माणूसही किती खाली आलाय बघा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कुवाबारांनी जे शब्द वापरले होते ते सगळेच्या सगळे मी वापरलेत, आणि खरं बोलायला दुसरे शब्द आमच्याकडे शिल्लकच नाहीत.

"एवढं वाईट म्हणताय म्हणजे गादीसारखीच असणार," त्सुनोदाबाई म्हणाल्या, आणि एप्रनच्या खिशात नेहमी असते ती पेन्सिल काढून त्यांनी सहलीची आखणी तिथल्या तिथे बदलली. सासरेबुवा आणि नोबुए माझ्या गाडीत. बिअर आणि मशीन कुवाबारांकडे. त्या स्वतः तेवढ्या कुवाबारांच्या पुढच्या सीटवर राहिल्या. बाई हुशार आहे.

जे हवं होतं ते मिळालं. मला घाम फुटला. कोगुरेला फोन केला, म्हटलं शॉकअप बदलायचे. त्याने फोनवर हवा ओढली ती मला इथे गार लागली. माल मागवायला लागेल, म्हणाला, सहलीच्या आत येणं थोडं अवघड आहे. यावेळी मला बरोबर समजलं. तरी माघार घेतली का? नाही. आदल्या संध्याकाळी कुवाबारा कुंपणाशी येऊन चाचरत म्हणाले, "आजोबांना माझ्या भिकार गाडीत आणलं तर तुमची काही हरकत आहे का?" त्यांचा चेहरा इतका काळजीचा होता की कोणालाही कळलं असतं. मला दिसलं ते एवढंच, की हा माणूस माझा सासरा पळवायला टपलाय.

"तुम्हाला कशाला त्रास," मी म्हणालो.

सासरेबुवा अठ्ठ्याऐंशीचे आहेत. सहलीच्या सकाळी ते कोट घालून, टोपी घालून मागे बसले. नोबुएने त्यांच्या पाठीमागे तीन उशा लावल्या. शिबुकावापर्यंत रस्ता चांगला आहे, तिथवर आम्ही नुसते डुलत होतो. पुढे नदीकाठच्या रस्त्याला पूल लागायला लागले. प्रत्येक पुलाला दोन्ही टोकांना सांधा असतो. रस्ते विभागात इतकी वर्षं काढूनही आगात्सुमा नदीवर इतके पूल आहेत हे मला माहीत नव्हतं. पहिल्या सांध्याचं उडणं संपायच्या आत दुसरा यायचा.

"रस्ता चांगला कळतो," सासरेबुवा म्हणाले.

थोड्या वेळाने म्हणाले की लहानपणी आमच्याकडे घोडा होता. मी आरशात पाहिलं. टोपी डोळ्यांवर आली होती, ओठ घट्ट मिटलेले होते आणि नोबुएने एका हाताने त्यांची कंबर धरली होती. दुसऱ्या हाताने तिने माझी सीट धरली होती. माझ्या सीटला इतक्या जोरात तिने आजवर कधी धरलं नव्हतं.

नाकानोजोच्या पुढे सगळ्या गाड्या थांबल्या. तिथे काडीला लावलेलं, वर खारट मिसो फासलेलं गरम कोन्याकू, म्हणजे कंदाची लिबलिबीत वडी, मिळते. सगळे उतरून काड्या हातात घेऊन उभे राहिले. सासरेबुवांनी दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि तिथेच थांबले. दुसरा पाय येईना. ते मला म्हणाले, "जावईबापू, देखावा फार छान आहे, मी इथूनच बघतो." समोर सार्वजनिक शौचालयाची भिंत होती.

नोबुए माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाही. "बाबा कुवाबारांच्या गाडीत बसतील," ती म्हणाली. "मीही."

मग जे झालं त्याला मी मंडळाच्या इतिहासातलं सर्वांत सभ्य दृश्य म्हणेन. दोघा-तिघांनी सासरेबुवांना उचलून कुवाबारांच्या गाडीत ठेवलं आणि बिअरच्या पेट्या, बर्फ, गाण्याचं मशीन माझ्या गाडीत चढवलं. कोणी म्हणालं, वजन सारखं वाटून घेतलेलं बरं. कोणी म्हणालं, मोतेगीसानच्या छान गाडीतच मशीन शोभून दिसेल. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. सगळे अगदी मन लावून कोन्याकू चावत होते. मी सासऱ्यांच्या तीन उशा बिअरच्या पाठीशी लावल्या.

कुसात्सूपर्यंत मी कुवाबारांच्या मागे होतो. पुढच्या काचेतून मला सगळं दिसत होतं, म्हणजे मी खाली असेन तेव्हा. त्यांची गाडी सांध्यावरून जायची, एकदा खाली व्हायची, वर यायची, झालं. सासरेबुवांचं डोकं खिडकीला टेकलं आणि टेकूनच राहिलं. झोपले होते. नोबुए पुढे वाकून काहीतरी सांगत होती, त्सुनोदाबाई हसत होत्या, कुवाबारांचे कानसुद्धा हसताना दिसत होते. मला काय वाटलं ते लपवत नाही. त्या माणसाला रस्त्यात काहीतरी व्हावं असं वाटलं. मोठं काही नाही. एखादा टायर.

कुसात्सूला बिअरचा प्रत्येक डबा आपापल्या परीने उघडला. पहिला त्सुनोदाबाईंच्या अंगावर उडाला. त्या म्हणाल्या, फेस फार छान आहे.

संध्याकाळी मी आणि कुवाबारा झऱ्याच्या हौदात बसलो होतो. सासरेबुवा पलीकडच्या कडेला, डोक्यावर घडी केलेला पंचा, पाणी गळ्यापर्यंत. कपडे उतरवून पाण्यात बसलं की आमच्याकडे माणसं जरा सरळ बोलतात. खिसेच नसतात म्हणून असेल. कुवाबारा माझ्याकडे जरा सरकले.

"माफ करा," ते म्हणाले. "मी म्हटलं होतं फक्त स्प्रिंगा."

"फक्त नव्हत्या?"

"आधी फक्तच होत्या. तुमच्यासारखीच उडायची. स्प्रिंग उडवते, शॉकअप थांबवतो. आखूड स्प्रिंगेला तिच्या मापाचा आखूड, घट्ट शॉकअप लागतो. ते मला जूनमध्ये कळलं. तोवर माझी कंबर गेली होती." त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "मग चारही बदलले. चांगल्यातले. तुम्ही विचारलंत तेव्हा चांगल्यातले आहेत असं कसं सांगणार? मला वाटलं, मोतेगीसान आपल्यातलेच आहेत, त्यांना कळेल."

मी नाकापर्यंत पाण्यात गेलो. वर आलो तेव्हा ते हळूच म्हणत होते की खरं सांगायचं तर मागच्या सीटवर आज पहिल्यांदाच कोणी बसलं. एवढं सगळं बसवून घेतलं, पण न्यायला कोणी नव्हतं. तुमच्याकडे माणसं आहेत, मला नेहमी हेवा वाटतो. हे ऐकून मला त्यांची कीव यायला हवी होती. आधी आनंद झाला. कीव नंतर आली, ते पाठ फिरवून पंचा पिळत होते तेव्हा.

परतीला सासरेबुवा आपणहून कुवाबारांच्या गाडीत जाऊन बसले. नोबुए मात्र माझ्या शेजारी येऊन बसली. बिअर संपलीय, जागा आहे, म्हणाली. पहिला पूल गेला, आमची दोघांची डोकी बरोबरीने हलली. मी म्हणालो की हे सगळं तुझ्यामुळे झालं. एप्रिलमध्ये गटारं साफ करताना तू कुवाबारांच्या गाडीला छान बसलीय म्हणालीस.

ती आठवू लागली. तिला आठवेना. मग आठवलं.

"अहो, तेव्हा ती बेडकासारखी उड्या मारत गल्लीत शिरली होती," ती म्हणाली. "शेजाऱ्याला दुसरं काय म्हणणार?"

मी गाडी कडेला घेतली. एप्रिलपासून पोट, कोबी, स्प्रिंगा, माकडहाड. मी त्या दिवशी तिथेच उभा होतो, हातात फावडं होतं. मला उड्या कशा दिसल्या नाहीत? कारण मी गाडीकडे बघतच नव्हतो. मी नोबुएच्या तोंडाकडे बघत होतो.

"मग कुवाबारांची गाडी तुला आवडली नव्हती?"

"तेव्हा नाही," ती म्हणाली. "आता चांगली आहे."

डिसेंबरात गाडीची सरकारी तपासणी आली. तिथल्या माणसाने गाडी वर उचलली, चाकं लोंबू लागली, त्याने हातमोजा घातलेल्या हाताने स्प्रिंग धरून पाहिली. ती दरवाजाच्या मुठीसारखी गर्रकन फिरली. लांब शॉकअपमध्ये आखूड स्प्रिंग, ती धरून राहणार तरी कशाला? तो म्हणाला, "ही सैल आहे. नापास." एप्रिलपासून माझ्याशी इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

कोगुरेकडे माल येऊन पडलाच होता. मी फोन ठेवला त्याच दिवशी त्याने मागवून ठेवला होता, मला न सांगता. त्याच स्प्रिंगेसाठी केलेले चार आखूड शॉकअप. चढवले, गाडी पास झाली, घरी आणली. माझ्या गतिरोधकावरून घेतली तेव्हा पोट अजूनही घासलं, कारण साहेबांचा सकारात्मक विचार चालू आहे. पण गाडी एकदाच खाली गेली, एकदाच वर आली आणि गप्प झाली. मी तिथे मागे-पुढे करून पाच-सहा वेळा खात्री करून घेतली. त्सुनोदाबाईंनी खिडकी लावून घेतली.

नोबुए अंगणात मुळे वाळत घालत होती. तिने हात पुसले, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि गाडीकडे पाहून म्हणाली, "छान बसलीय हो."

तोच सूर. तोच रुमाल. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो, पण त्या चेहऱ्यावरून कधी कोणाला काही कळलंय? विचारण्यात अर्थ नव्हता. विचारलं असतं तर तिने 'खरंच' म्हटलं असतं आणि मी त्या 'खरंच'वर आणखी वर्षभर आजारी पडलो असतो.

मग दुसऱ्या दिवशी सासरेबुवांना माएबाशीला कमरेच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी नेलं. जाताना ते ताठ बसले होते, टोपी दोन्ही हातांनी धरून, प्रत्येक पुलाआधी डोळे मिटून घेत होते. पूल जायचा, ते एक डोळा उघडून बघायचे. येताना त्यांनी टोपी मांडीवर ठेवली. नदी ओलांडली तेव्हा आरशात पाहिलं तर तोंड उघडं, खालची कवळी जराशी सुटलेली, मान खिडकीला टेकलेली. घोरत होते. नोबुए कोणाला बरं वाटावं म्हणून बोलू शकते, गल्लीतले सगळे बोलू शकतात, पण कोणाला बरं वाटावं म्हणून कवळी सुटेपर्यंत घोरणं कोणाला जमत नाही. घर लवकर येऊ नये म्हणून मी लांबच्या रस्त्याने घेतली.

गल्लीत शिरलो, गतिरोधक गेला, दारात गाडी उभी केली. इंजिन बंद झाल्यावर सासरेबुवांनी डोळे न उघडताच कवळी बसवली आणि मागून माझ्या खांद्यावर थोपटलं.

"कुवाबारासान, आलो का घरी? तुमच्या गाडीत फार बरं वाटतं हो मला," ते म्हणाले. "आमच्या जावयाला तेवढं सांगू नका."

"नाही सांगत," मी म्हणालो.